जागा आहे, कोरडी आहे

ही गोष्ट माझ्या आत्याची आहे, आणि ती खरी आहे. खोटं सांगून मला काही मिळायचं नाही. ज्यांनी आत्याचा डावा कान आणि मास्टरांचा चेहरा पाहिलाय, ते "काहीतरी बनवून सांगताय" असं म्हणायला धजत नाहीत.

आणखी एक आधीच सांगून टाकतो. हे रात्री घडलेलं नाही.

मंगळवार होता. पुराचा चौथा दिवस. दुपारचे पावणेतीन.

आत्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, तेहतीस वर्षं. तिची एक गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक. एकदा ऐकलेला आवाज ती विसरत नाही. लहानपणी आम्ही नाक दाबून तिला फोन करायचो, "मॅडम, तुमच्याकडे आमचा वाघ आलाय का?" ती म्हणायची, "वाघाला सांग, दूध पी आणि गप झोप." आणि नावानिशी सांगायची, कुणी फोन केलाय ते.

पूर आला तेव्हा तिच्या शेजारच्या इंजिनिअरने दोन तासांत इंटरनेटवर एक पान तयार केलं. मदतपान. आसरा कुठे आहे, होडी कुणाकडे आहे, प्यायचं पाणी कुठे मिळतंय, कोण हरवलंय... सगळं एका ठिकाणी. गावोगावचे चाळीसेक लोक घरी बसून ते भरत होते. कुणाची कुणाशी ओळखपाळख नाही, पगार नाही, साहेब नाही.

पहिल्या दिवशी आत्याने ते पान बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"अरे, ज्याला जे वाटेल ते खरडतोय! ही काय मुतारीची भिंत आहे?"

तेव्हापासून पानाची सूत्रं तिच्याकडे आली.

तिने एकच नियम घातला. एका माणसाने सांगितलेली जागा पिवळी. दुसऱ्या माणसाने, दुसऱ्या नंबरवरून, तेच सांगितलं तर हिरवी. हिरवी म्हणजे पक्की. लोकांना हिरव्याच जागेवर पाठवायचं. पुन्हा वाद नको म्हणून प्रत्येक फोन रेकॉर्ड करायचा.

बसायला मास्टरांच्या दुकानाचा वरचा मजला मिळाला. मास्टर म्हणजे आमचे टेलर. कापड बेतायचं लांबलचक टेबल, त्यावर तीन लॅपटॉप, फोन, खडूची पूड, मोठाल्या कात्र्या. खाली दुकान, त्याचं शटर पूर आल्यापासून बंद. ये-जा मागच्या जिन्याने. पाणी अजून दोन गल्ल्या लांब होतं.

सोमवारी दुपारी बर्फाचा कारखाना हिरवा झाला. दोन मजली, पक्का. पहिला फोन मास्टरांनी घेतला होता, दुसरा इंजिनिअरने.

संध्याकाळी एका बाईचा फोन आला. तो आत्याने स्वतः घेतला.

"ताई, आम्ही नऊ जण आहोत. सासूबाई चालत नाहीत. पण तोंड चालतंय हो त्यांचं, होडीवाल्याला म्हणतायत खिडकीजवळची जागा दे."

आत्या हसली. तीन दिवसांत पहिल्यांदा हसली.

"बर्फाच्या कारखान्यात जा," ती म्हणाली. "आमच्याकडे पक्कं आहे."

मंगळवारी दुपारी होडीवाल्याचा फोन आला.

तो म्हणाला, "बाई, ते कारखान्याचं पानावरून काढा."

"का?"

"गॅसचा पाइप फुटला तिथे. अमोनिया. लोक खाली पळत आले तर शटर पाण्याने वाकून बसलेलं. एकोणीस माणसं. शटरला आतून पोचे पडलेत बाई... हातांची हाडं बाहेर आलीत त्यांच्या. एका म्हातारीला तर त्यांनीच तुडवलंय."

आत्याने फोन खाली ठेवला. इंजिनिअर ढसाढसा रडायला लागला. मास्टर भिंतीला टेकून खालीच बसले.

आत्या रडली नाही.

"दोन्ही रेकॉर्डिंग लाव," ती इंजिनिअरला म्हणाली.

पहिला आवाज म्हाताऱ्याचा. सावकाश, घोगरा. मी रखवालदार बोलतोय, वगैरे.

जागा आहे. कोरडी आहे. पाठवा.

दुसरा आवाज तरुणाचा. घाईघाईचा. मी समोर राहतो म्हणाला.

जागा आहे. कोरडी आहे. पाठवा.

"दोन वेगळी माणसं आहेत की," मास्टर म्हणाले.

आत्याने हेडफोन कानांवर गच्च दाबले. पुन्हा ऐकलं. आणखी एकदा ऐकलं. तिचा चेहरा उतरत गेला.

"एकच आहे," ती म्हणाली.

"अहो, एक म्हातारा, एक..."

"मास्टर, तेहतीस वर्षं मी माणसांचे आवाज जोडले. म्हातारा असो, पोर असो, मरायला टेकलेला असो... बोलताना माणूस मधेच हवा आत घेतो. बारीकसा आवाज येतो त्याचा."

तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

"हा श्वासच घेत नाहीये."



खाली दुकानात काहीतरी पडलं... नुसतंच, टक्‌ करून.

"आणखी कुठल्या जागा ह्याने हिरव्या केल्यात?" आत्याने विचारलं.

इंजिनिअरने भराभर रेकॉर्डिंग लावली. आत्या ऐकत गेली. बाईचा आवाज, शिक्षकाचा आवाज, झोपेत असल्यासारखा एक आवाज. वेगवेगळे नंबर. शेवटी तीच तीन वाक्यं. आणि मधे कुठेही श्वास नाही.

दोन जागा निघाल्या. लाकडाची वखार. आणि जुनं थिएटर.

वखारीत दोन भाऊ कुटुंबासकट गेले होते. आत्याने धाकट्याचा नंबर फिरवला.

फोन उचलला गेला.

धाड... धाड... धाड... कुणीतरी लाकडावर लाकूड आपटत होतं. मग एक पुरुष किंचाळला. मग गडगडाट. मोठं काहीतरी घरंगळत आलं, आणि त्याच्याखाली ओलं काहीतरी चिरडल्याचा आवाज आला.

फोन चालूच राहिला. पलीकडे आता कुणीच नव्हतं.

"थिएटर!" आत्या ओरडली. "थिएटरला कोण गेलंय?"

इंजिनिअरच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "बस... बाळंतिणींच्या दवाखान्याची बस. चाळीस जण. सव्वादोनला ड्रायव्हरने रस्ता विचारला. मीच सांगितला."

"किती वाजता पोचेल?"

"सव्वातीन."

घड्याळात तीनला पाच कमी होते.

"पिवळं कर ते. आधी पिवळं कर!"

इंजिनिअरने थिएटरची खूण पिवळी केली.

ती हिरवी झाली.

त्याने पुन्हा पिवळी केली. पुन्हा हिरवी. तो चिडला. त्याने अख्खी ओळच पुसायला घेतली... आणि लॅपटॉप मिटला.

आपोआप नाही मिटला. कुणीतरी वरून दोन्ही हातांनी आदळावा तसा मिटला. इंजिनिअरची बोटं मधे होती.

कट्‌ असा आवाज आला.

तो असा ओरडला की आत्याच्या काळजाचं पाणी झालं. झाकण उघडेना. उलट आणखी दाबलं जात होतं. मास्टरांनी लोखंडी पट्टी फटीत घातली, ती वाकली. मग कात्रीची मूठ घालून दोघांनी जोर लावला, तेव्हा कुठे हात सुटला. दोन बोटं उलट्या बाजूला वळली होती. नखांतून रक्त टेबलभर, खडूच्या पुडीत मिसळत होतं.

आणि तेव्हाच तो वास आला.

नाकात सुया टोचाव्यात तसा. डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

"अमोनिया," इंजिनिअर कण्हत म्हणाला. "इथे कसा?"

खाली शटर वाजलं.

धाड.

मग पुन्हा... धाड. धाड.

"कोण आहे रे बाहेर?" मास्टर गरजले.

आत्याने त्यांचा हात धरला. तिच्या कानाला कळलं होतं. आवाज रस्त्यावरून येत नव्हता. शटर आतून वाजत होतं.

दुकानात कुणी नव्हतं. चार दिवस कुणी नव्हतं.

मास्टर आडदांड माणूस. दुकान त्यांचं. "बघतोच," म्हणाले आणि मोठी कात्री घेऊन आतल्या जिन्याने उतरायला लागले.

तिसऱ्या पायरीवर त्यांचा पाय ओढला गेला.

ते तोंडावर आपटले. एकेका पायरीवर त्यांचं तोंड आदळत होतं आणि ते खाली जात होते, एखादं पोतं ओढत न्यावं तसे. आत्या धावली. तिने त्यांची कॉलर धरली, कठड्याला पाय लावला आणि जीव खाऊन मागे खेचलं. कापड टरटरा फाटलं. ओढ एकदम सुटली. मास्टर वर आले तेव्हा पुढचे चार दात नव्हते, आणि गालाचं कातडं जबड्यावरून लोंबत होतं. पाठीवर, खांद्यावर, मानेवर पावलांचे वळ उठले होते.

बरीच माणसं त्यांना तुडवून गेल्यासारखे.

आत्याने ड्रायव्हरला फोन लावला.

एकदा घंटी वाजली.

"जागा आहे," पलीकडून आवाज आला.

तिने फोन तोडला. पोलिसांना लावला.

"कोरडी आहे."

अग्निशमनवाल्यांना लावला.

"पाठवा."

पण तिने या वेळी फोन ठेवला नाही. एक्स्चेंजमध्ये वापरायची तो सपाट आवाज काढून तिने विचारलं, "किती जणांची जागा आहे?"



"अजून चाळीस."

त्या आवाजाच्या मागे काहीतरी ऐकू येत होतं. धाड, धाड, धाड. खूप हात. आणि त्या गोंगाटात एक बाई. आत्याने तो आवाज एकदाच ऐकला होता. एकदा पुरे होतं.

"ताई... शटर उघडा ना हो..."

आत्याच्या हातून मोबाइल गळून पडला.

मोबाइलवरून बाहेर कुणाशीच बोलता येणार नाही, हे तिला कळून चुकलं. मग तिला आठवलं, मास्टरांच्या दुकानात तारेचा जुना फोन आहे. काळा, जड, तबकडीचा. कापड आलंय का, शर्ट झालाय का, एवढंच त्यावर लोक विचारायचे. पण तो फोन होता खाली. काउंटरवर.

शटरपासून हातभर अंतरावर.

"नका जाऊ," मास्टर फुटक्या तोंडाने म्हणाले.

"बसमध्ये तान्ही बाळं आहेत," आत्या म्हणाली, पदर नाकाला बांधला आणि उतरली.

खाली अंधुक उजेड होता. कुणी दिसत नव्हतं. पण दुकान भरलेलं होतं. गर्दीच्या वेळी बँकेत असतं तसं. तिला अंग चोरूनच पुढे जावं लागलं. ओले, गार खांदे तिला घासत होते. काहीतरी तिच्या पावलावर पडलं, मऊ आणि जड. समोर शटरचा पत्रा बाहेरच्या बाजूला फुगत होता. एकेक पोचा उमटत होता. पंजाएवढा. प्रत्येक धाडीबरोबर पत्र्यावर लाल शिंतोडे उडत होते, पण हात दिसत नव्हते.

तिने रिसीव्हर उचलला. सूर होता. जिवंत लाइन.

थिएटरच्या अलीकडे पेट्रोल पंप आहे. त्याचा नंबर तिला पाठ होता, एक्स्चेंजच्या काळापासून. तिने तबकडी फिरवली. प्रत्येक आकड्यानंतर तबकडी सावकाश मागे येत होती. एवढी सावकाश...

"हॅलो, पंप."

"दवाखान्याची बस आलीये का तुमच्या इथे?"

"ही काय, आत्ता वळतेय."

"अडवा तिला! आडवे पडा हवं तर, पण अडवा!"

पळत गेल्याचा आवाज. हॉर्न. ब्रेक. मग ड्रायव्हर तावातावाने फोनवर आला.

"कोण बोलतंय? बाया ताटकळल्यात माझ्या गाडीत. पानावर हिरवं आहे, बाई!"

"ते पान मी चालवते. आणि मी सांगते, जायचं नाही."

"अहो, पण..."

ड्रायव्हरचा आवाज बुडाला. दुसराच आवाज आला. या वेळी तो बोलला नाही. तो ओरडला. एवढा लांब ओरडला की कुठल्याही माणसाची छाती रिकामी झाली असती.

आत्याच्या डाव्या कानात तापलेली सळई घुसली. आत काहीतरी फाटलं. मानेवरून गरम रक्त ओघळायला लागलं. तिने रिसीव्हर उजव्या कानाला लावला आणि त्या आवाजाच्या वर, घसा फुटेपर्यंत, एकच वाक्य म्हणत राहिली.

"जाऊ नकोस. जाऊ नकोस. जाऊ नकोस."

तो आवाज थांबला. पलीकडे ड्रायव्हर म्हणत होता, "बरं बरं, बाई, थांबलो. रडू नका."

आत्याने फोन ठेवला.

शटर अजून वाजत होतं. सगळे तिच्याकडे पाठ करून होते, असं तिला वाटलं. तिच्याशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. त्यांना फक्त बाहेर पडायचं होतं.

ती शटरपाशी गेली. खाली वाकली. दोन्ही बाजूंच्या कड्या काढल्या. पत्रा वाकल्यामुळे ते वर जाईना. तिने खालून खांदा लावला. कुणाचे तरी हात तिच्या हातांशेजारी लागले. त्या हातांना बोटं पुरती नव्हती.

शटर कर्कश आवाज करत वर गेलं.

"या बाहेर," आत्या म्हणाली.

ती पुढचं सांगत नाही. एवढंच सांगते की लोंढा आला. ती पडली, तिच्या दोन बरगड्या मोडल्या. शेवटी काहीतरी तिच्या अंगावरून अगदी हळू, फरपटत गेलं. चालता न येणारं कुणीतरी.

मग वास गेला.

रस्ता रिकामा होता. भुरभुर पाऊस पडत होता.

तीन वाजून बावीस मिनिटांनी थिएटरचं छप्पर बाल्कनीसकट खाली आलं. ड्रायव्हर पंपावर उभा होता. त्याने पोलिसांना सांगितलं की छप्पर पडायच्या आधी दहा मिनिटं थिएटरची दारं आतून कुणीतरी बडवत होतं. ढिगारा उपसला. आत कुणी नव्हतं.

वखारीतून मात्र सात जण निघाले. ओळखायला त्यांचे कपडेच उपयोगी पडले.

ते नंबर कुणाच्याच नावावर नव्हते. रेकॉर्डिंग पोलिसांनी ऐकली, आवाजांच्या जाणकारांनी ऐकली. त्यांनी वेगवेगळी माणसं आहेत असं लिहून दिलं. श्वासाचं कुणी काही लिहिलं नाही. मास्टरांनी ते शटर काढलं. भंगारवाला ते घेईना, म्हणून शेवटी खड्डा खणून पुरलं. इंजिनिअर उजव्या हाताने आता तीनच बोटांनी टाइप करतो.

आत्याला डाव्या कानाने ऐकू येत नाही. उजव्याने जेमतेम.

हे इथे संपलं असतं तर मी लिहायला बसलो नसतो.

गेल्या वर्षी दुसऱ्या एका भागात वादळ आलं. तिथल्या लोकांनीही असंच पान चालवलं आणि इंजिनिअरला मदतीला घेतलं. दुपारी त्याचा आत्याला फोन आला. साठ माणसं उघड्या माळावर भिजत होती. जवळच एक कॉलेज होतं. दोन जणांनी फोन करून सांगितलं होतं, जागा आहे. दोन नंबर, दोन आवाज.

"आत्या, तुम्ही एकदा ऐका. मी फोनवरूनच लावतो."

तिने ऐकलं. वादळामुळे लाइन खरखरत होती. तिचा एकच कान, तोही अर्धा. तिने चार वेळा लावायला सांगितलं.

"घेतोय का हो श्वास?" इंजिनिअरने विचारलं.

"मला ऐकू येत नाहीये रे."

"मग काय करू?"

आत्याने फोन उजव्या कानावर आणखी घट्ट दाबला.

"पिवळंच ठेव," ती म्हणाली.

इंजिनिअरने पिवळं ठेवलं. माणसं रात्रभर माळावर राहिली. पहाटेपर्यंत एक म्हातारा आणि सहा महिन्यांची एक मुलगी गारठून गेली.

कॉलेजला काही झालं नाही. आजही उभं आहे. त्या रात्री ते आतून कोरडं होतं.

त्यानंतर आत्याने मदतपानाचं काम सोडलं. पण ती दोन रेकॉर्डिंग तिने मागवून घेतलीत. घरी कुणीही आलं की पाणी विचारायच्या आधी ती मोबाइल पुढे करते. पाहुणा असो, गॅसवाला असो, डॉक्टर असो.

"जरा ऐक. मधे श्वास घेतोय का तो?"

काही जण म्हणतात, घेतोय. काही जण म्हणतात, नाही.

परवा मी गेलो होतो. मीही ऐकलं. डोळे मिटून, तीनदा ऐकलं. आत्या माझ्या तोंडाकडे बघत बसली होती.

मी म्हणालो, "नाही घेत."

तिच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम सैलावला. तिने माझा हात दाबला आणि चहा टाकायला आत गेली.

मला नीट ऐकू आलं नव्हतं.